विश्लेषण : शाळेच्या ग्रंथालयात पक्कड आणि सुई-दोरा कशासाठी? वाचन आणि ‘करून पाहणे’ एकत्र का यायला हवे?

एका सरकारी योजनेतून शाळेला गोष्टीची पुस्तके मिळतात, दुसरीतून थ्रीडी प्रिंटर आणि सेन्सर. पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात जातात, यंत्रे प्रयोगशाळेत. दोन्हींची किल्ली वेगळ्या शिक्षकाकडे, हिशेब वेगळ्या वहीत. ही दोन कामे एकाच टेबलावर आणली तर मुलांचे वाचन वाढेल का, त्याला खर्च किती येईल आणि त्यात धोका कोणता, याचा हा आढावा.

हा विषय आता चर्चेत का?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारण्याची घोषणा झाली. नीती आयोगाच्या ‘अटल इनोव्हेशन मिशन’ने २०१६ पासून देशात अशा सुमारे १० हजार लॅब उभ्या केल्या आहेत. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने काहीतरी बनवावे, हा त्यामागचा हेतू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडून काम शिकावे, अशी कल्पना आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम प्राथमिक शाळांसाठी आणला.

दुसऱ्या बाजूला वाचनाचे उपक्रम आहेत. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. ज्यांच्या नावाने आपण मुलांना वाचायला सांगतो ते कलाम स्वतः अभियंते होते आणि त्यांचे आयुष्य क्षेपणास्त्रे, प्रक्षेपक यान घडवण्यात गेले. तरीही शाळेच्या वेळापत्रकात वाचन आणि घडवणे यांची भेट सहसा होत नाही. नव्या लॅब येत असतानाच हा प्रश्न सोडवला नाही, तर पुढची पाच वर्षे आणखी एक बंद खोली उघडण्यात जातील.

ग्रंथालयात ‘करून पाहणे’ म्हणजे नेमके काय?

जगभर यासाठी ‘मेकरस्पेस’ हा शब्द रूढ आहे. ग्रंथालयाचा एक कोपरा, एक मोठे टेबल आणि त्यावर हत्यारे, असे त्याचे साधे रूप. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ऊदी’ या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांबरोबर शिलाई यंत्रे आणि थ्रीडी प्रिंटरही नागरिकांना वापरायला मिळतात. आपल्या शाळेला एवढा थाट लागत नाही. पुठ्ठा, कात्री, खळ, सुई-दोरा, पेन्सिल सेल, एलईडी, थोडी वायर आणि पक्कड एवढ्यावर सुरुवात होते.

मग कार्यानुभवाच्या तासापेक्षा यात वेगळे काय? फरक एकाच नियमाचा आहे. पुस्तक उघडल्याशिवाय काम पुढे सरकता कामा नये. आधी प्रश्न, मग त्यासाठी वाचन, मग वस्तू आणि शेवटी आपण काय केले याची लेखी नोंद, असा हा क्रम असतो. शिक्षकाने फळ्यावर कृती लिहून दिली आणि चाळीस जणांनी एकसारखा आकाशकंदील केला, तर तो हस्तकलेचा तास झाला. तोच आकाशकंदील तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून तीन गटांनी शोधून काढला, कोणाचा का फाटला यावर चर्चा झाली आणि कृती पुन्हा नीट लिहून ग्रंथालयात ठेवली, तर तो वाचनाचाही तास झाला.

हे परदेशी खूळ आहे का?

नाही. या भागाला तर ते मुळीच नवे नाही. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला आणि त्याच वसाहतीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म झाला. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून सुरू झालेले ते पत्रक पुढे मराठी घराघरांत पोहोचले. यंत्र घडवणारी वाडी आणि वाचक घडवणारे मासिक, दोन्ही एकाच माळावर. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत श्रम आणि अभ्यास यांची फारकत नव्हती. महात्मा गांधींची ‘नई तालीम’ १९३७ मध्ये वर्ध्याला मांडली गेली, तीही हस्तोद्योगातून शिक्षण देण्यासाठीच.

अलीकडची उदाहरणेही महाराष्ट्रातलीच आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतील मुलांनी आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, शेती, ऊर्जा, आरोग्य अशी गावाला उपयोगी कामे करत शिकायचे, हा तिथला अभ्यासक्रम राज्यातील अनेक शाळांनी घेतला. अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या पुढाकाराने जगभर पसरलेल्या ‘फॅब लॅब’च्या साखळीतील अगदी सुरुवातीची लॅब २००२ मध्ये पाबळलाच आली. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी तयार केली. पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके मोफत मिळतात. म्हणजे वाचून बनवण्याचे मराठी साहित्य उपलब्ध आहे. ते छापून ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवण्याचा अवकाश आहे.

आणि ज्याला आपण कधी ‘मेकरस्पेस’ म्हटले नाही, ते शाळेचे ‘हस्तलिखित’ काय होते? मुलांनी लिहायचे, सुंदर अक्षरात उतरवायचे, चित्रे काढायची, बांधणी करायची आणि वर्षभर ते वाचनालयात ठेवायचे. दिवाळीतला मातीचा किल्लाही तसाच. प्रतापगड किंवा पन्हाळा खरोखर कसा आहे, हे वाचून केलेला किल्ला आणि बाजारातले मावळे आणून मांडलेला किल्ला यांतला फरक मुलांना लगेच कळतो.

वाचनाला याचा खरोखर उपयोग होतो का?

आधी दुखणे किती खोल आहे ते पाहू. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या सर्वेक्षणानुसार सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा आहे, पण निम्म्याहून अधिक मुले अजून मागेच आहेत. अक्षरओळख झाली तरी अर्थ लागत नाही, ही त्याच्या पुढची अडचण.

अर्थ लागण्याबाबत दोन जुने प्रयोग उद्‌बोधक आहेत. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून तो प्रसंग उभा करायला सांगितला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख असेल तर कमकुवत वाचकही मजकूर पेलतो, असा त्याचा अर्थ.

दुसरा प्रयोग आर्थर ग्लेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा, २००४ चा. पहिली-दुसरीची मुले शेतावरची छोटी गोष्ट वाचत. समोर खेळण्यातली जनावरे, ट्रॅक्टर, गोठा असे. ठरावीक वाक्यांनंतर त्यांत सांगितलेली कृती खेळण्यांनी करून दाखवणाऱ्या मुलांना गोष्ट अधिक चांगली आठवली आणि समजली. पुढे तीच कृती नुसती मनात करायला सांगितल्यावरही फायदा दिसला.

या प्रयोगांतून एवढेच निघते की हात आणि अर्थ यांचा संबंध आहे. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला की मुले आपोआप वाचू लागतील, असे कोणतेही संशोधन सांगत नाही. मजकूर आणि कृती वाक्यावाक्याला जोडलेली असावी लागते.

सांगलीत हे कसे दिसेल?

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ग्रंथ आणि कार्यशाळा यांची सोबत या परिसराला जुनी आहे. इथल्या एखाद्या शाळेने ठरवले तर विषयांसाठी दूर जावे लागणार नाही. चार उदाहरणे पाहू.

पहिले, महापूर. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आता एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन उंच पारदर्शक नळीत पूरमापक करायचा. थर्मोकोलच्या तरंगत्या तुकड्यावर उभी काडी, काडीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल, शेजारच्या पुठ्ठ्यावर ४० आणि ४५ च्या खुणांवर फॉइलच्या पट्ट्यांच्या जोड्या. काडी तिथे पोहोचली की परिपथ पूर्ण होऊन आधी पिवळा, मग लाल दिवा लागतो. दोन पेन्सिल सेल, दोन एलईडी आणि शंभर ओहमचे दोन रेझिस्टर पुरतात. पहिल्या फेरीत पाणी ४२ वर गेले की पिवळा दिवा विझेल, कारण काडीवरची फॉइल पुढे सरकलेली असेल. मग फॉइलची पट्टी लांब करायची. आणि ५० सेंटिमीटरची नळी घेतली असेल, तर २०१९ चे पाणी तिच्यात मावत नाही, हे मुले स्वतःच पाहतील.

यात वाचन कुठे? पूर कधी, किती, का आला, हे जुन्या वर्तमानपत्रांत आणि जलसंपदा विभागाच्या आकडेवारीत शोधावे लागते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे समजून घ्यावे लागते. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर सुरू राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी होते आणि कोयना धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, हा हिशेब सातवीच्या मुलाला जमतो. पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारी अफवा आणि अधिकृत आकडा यांत फरक करता येणे, हे या वाचनाचे खरे फळ. या शहरात ते जिवाशी निगडित आहे.

दुसरे, बाहुल्या. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला, हे सर्वांना माहीत असते. भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या, हे तितकेसे माहीत नसते. रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्यांचे पुनरुज्जीवन केले. गोष्ट वाचायची, संवाद लिहायचे, पुठ्ठ्याची बाहुली करायची आणि दोरा कुठे बांधला की हात उचलतो ते शोधायचे, हा चौथीपासून जमणारा प्रकल्प आहे.

तिसरे, तंतुवाद्ये. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ध्वनीचा धडा वाचून, खोके आणि रबर बँडचे वाद्य करून मग मिरजेत कारागिराकडे गेलेले मूल भोपळ्याबद्दल नेमके प्रश्न विचारते. दप्तराविना दिवसांना यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

चौथे, पुस्तक दुरुस्ती. २०१९ च्या पुरात दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले. पुस्तक ही वस्तूही आहे आणि ती नष्ट होते, हे या शहराने पाहिले आहे. ग्रंथालयातील सुटलेली पाने शिवणे, पाठीला कापड लावणे, खळीने पुठ्ठा चिकटवणे हे काम मुले शिकू शकतात. स्वतः शिवलेले पुस्तक मूल सहसा फाडत नाही आणि शिवता शिवता चार पाने वाचतेच.

खर्च किती आणि पैसा कुठून?

अटल टिंकरिंग लॅबला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यात १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. त्याउलट ‘समग्र शिक्षा’तून ग्रंथालयासाठी मिळणारे वार्षिक अनुदान शाळेच्या स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपये आहे. एका बाजूला लाखांत पैसा, दुसऱ्या बाजूला हजारांत.

वर सांगितलेल्या टेबलाला लाखांची गरज नाही. बहुतेक साहित्य घरचे, भंगारातले किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानातले आहे. कात्री, पक्कड, पट्टी अशी टिकाऊ हत्यारे एकदाच घ्यावी लागतात आणि वर्गाच्या ऐवजी पाच-सहांच्या गटाने काम केले तर थोडीच लागतात. लॅब असलेल्या शाळेत एक कपाट पुस्तकांचे लॅबमध्ये आणि एक पेटी हत्यारांची ग्रंथालयात, एवढी अदलाबदल मुख्याध्यापकांच्या पातळीवर होऊ शकते. मोफत साहित्यही आहे. ‘प्रथम बुक्स’च्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात, छापता येतात. बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिकही शाळांच्या ओळखीचे आहे.

मग घोडे अडते कुठे?

माणसापाशी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. त्यात पुस्तकांचा उल्लेख आहे, ती देणाऱ्या माणसाचा नाही. माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचे पद पटसंख्येवर ठरते. पूर्णवेळ ग्रंथपाल मोठ्या पटाच्या शाळांच्याच वाट्याला येतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतोच. एखाद्या शिक्षकाकडे कपाटाची किल्ली आणि नोंदवही येते. पुस्तक हरवले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने कपाट बंद राहते. लॅबमधले महाग यंत्र बिघडले तर काय, याच भीतीने लॅबही बंद राहते. दोन्ही कुलपांचे कारण एकच आहे.

पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, हा विचार डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचा पाया म्हणून मांडला. त्यानुसार वापरात फाटलेले पुस्तक आणि जळालेला एलईडी नियमित झीज म्हणून लिहून टाकण्याची मुभा शाळेला हवी. तेवढे एक परिपत्रक निघाले तरी अनेक कपाटे उघडतील.

धोके कोणते?

सर्वांत मोठा धोका म्हणजे वस्तूने पुस्तकाला बाजूला सारणे. आठवड्यातला वाचनाचा एकच तास असेल आणि तोही कात्रणे कापण्यात गेला, तर वाचन वाढण्याऐवजी घटेल. विशेषतः कमी वाचता येणारे मूल गटात रंगकामाला बसते आणि वाचणारे मूल सूचना वाचून दाखवते. म्हणून भूमिका फिरत्या हव्यात. प्रत्येकाने किमान एक सूचना स्वतः वाचून ती करून दाखवलीच पाहिजे. ज्याला अजून सलग वाचता येत नाही, त्याला चित्रांसह तीन शब्दांच्या सूचना द्याव्यात. मात्र अक्षरे शिकवण्याचा रोजचा सराव या उपक्रमाने टळत नाही.

दुसरा धोका प्रदर्शनाचा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी पालकांनी किंवा शिक्षकांनी केलेली चकाचक प्रतिकृती मुलाला काही शिकवत नाही. तिसरा धोका सुरक्षेचा. बटणासारखे चपटे सेल लहान मुलाने गिळले तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते, म्हणून प्राथमिक वर्गांत पेन्सिल सेलच वापरावेत. घरातल्या विजेच्या सॉकेटला कोणताही प्रयोग जोडू नये. कटर आणि गरम ग्लू गन मोठ्यांच्या हातात असावी.

यश मोजायचे कसे?

साताऱ्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेव्हा पुस्तके ग्रंथालयाची इमारत सोडून लोकांच्या घरांत आली. पुस्तक कुठे ठेवले आहे यावर ते हातात घेतले जाईल की नाही हे बरेचसे ठरते, हा त्यातला धडा. शाळेत ते जिथे मुलांचे हात गुंतलेले आहेत तिथे ठेवावे, इतकाच या साऱ्याचा मथितार्थ.

त्याची परीक्षा सोपी आहे. सत्राच्या शेवटी किती वस्तू झाल्या याऐवजी शाळेने तीन गोष्टी पाहाव्यात. किती मुलांनी कोणी न सांगता पुस्तक घरी नेले, पूर्वी एकही पुस्तक न नेलेल्या किती मुलांची नावे देवघेव वहीत आली आणि मुलांनी लिहिलेल्या किती कृती दुसऱ्या मुलांनी वाचून वापरल्या. ही नोंद ठेवायला नवे अ‍ॅप लागत नाही. ती वही शाळेत आधीपासून आहे. नव्या ५० हजार लॅबपैकी काही सांगली-साताऱ्यात येतील, तेव्हा त्यांच्या यादीत थ्रीडी प्रिंटरशेजारी ही वही असेल का, हे आत्ताच ठरवता येण्यासारखे आहे.